दुसऱ्याचं कुत्रं-मांजर सांभाळायला घेतलंय? जीव लागणारच, मग घेण्यापासून परत देईपर्यंत काय काय करायचं

आमच्या बेळगाव भागात हे आता घरोघरी झालंय बघा. पोरगा बेंगळूरला नाहीतर पुण्याला नोकरीला गेला की त्यानं हौसेनं आणलेलं लॅब्राडोर मावशीकडं. कॅम्पातल्या मिलिटरीवाल्यांची बदली झाली की नवीन ठिकाणी क्वार्टर मिळेपर्यंत मांजर शेजारणीकडं. खानापूर साईडला एकटं राहणारं म्हातारं माणूस आजारी पडून लेकीकडं गेलं की त्याचं राखणीचं कुत्रं शेजारच्या दारात. आणि देणारा प्रत्येकजण जाताना तेच बोलतो, "थोडे दिवसच हाय, बघा तेवढं." मग ते थोडे दिवस लांबत जातात, ते तुमच्या पायापायात घोटाळायला लागतं, तुमच्या खाटेखाली झोपायला लागतं, आणि एक दिवस गाडी येते आणि त्याला घेऊन जाते.

अशा वेळी घरातली मोठी माणसं सांगतात, "जास्त जीव लावू नको गं, परत द्यायचंय." मी बरीच वर्षं लोकांची कुत्री-मांजरं सांभाळतेय आणि मला हा सल्ला अजिबात पटत नाही. एकतर ते आपल्या हातात नसतं. जपानमधल्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली 'सायन्स' या मासिकात दाखवून दिलंय की कुत्रं आणि माणूस एकमेकांच्या डोळ्यात बघत बसले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, आईला बाळाबद्दल माया वाटते त्यात ज्या हार्मोनचा हात असतो तेच हे. मग रोज दोन वेळा खायला घालणाऱ्या माणसाला जीव लागू नये म्हणणं कसं चालेल? आणि दुसरं म्हणजे ते जनावर आधीच आपलं घर सोडून आलेलं असतं, त्यात तुम्ही पण हात आखडता घेतला तर त्यानं कुणाकडं बघायचं. म्हणून माझं म्हणणं असंय की जीव मनसोक्त लावा, फक्त हक्क लावू नका, आणि ते जमण्यासाठी काही गोष्टी अगदी पहिल्या दिवसापासून करायला लागतात, त्याच इथं सविस्तर लिहितेय.

हो म्हणायच्या आधी

फोनवर लगेच "होय की, आणून सोडा" म्हणू नका, एक दिवस मागून घ्या. त्या दिवसात घरात विचारा. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारा. घरात सोवळं पाळणारं कुणी असेल, लहान बाळ असेल, दम्याचा पेशंट असेल तर त्यांचं आधी बघायचं. घरात आधीपासून मांजर असेल आणि येणाऱ्या कुत्र्यानं आयुष्यात मांजर बघितलं नसेल तर सरळ नाही म्हणा, त्यात कुणी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

मग देणाऱ्याला विचारा की नक्की कधीपर्यंत. लग्नासाठी आठ दिवस गावाला जाणारा माणूस परत येतो, त्याची काळजी नाही. नोकरीसाठी बाहेर जाणारा "तिकडं सेट झालो की नेतो" म्हणतो, त्यातले बरेचसे नेत नाहीत, कारण तिकडच्या फ्लॅटमध्ये कुत्रं चालत नाही किंवा दिवसभर घरी कुणी नसतं. तो काही खोटं बोलत नसतो, त्याला स्वतःलाच माहीत नसतं. म्हणून तारीख मागायची, आणि "त्या तारखेला जमलं नाही तर काय" हे पण तेव्हाच विचारायचं. "बघू की नंतर" असं उत्तर आलं तर हे लांबणारंय असं धरून चाला आणि मग ठरवा.

अजून एक. कुणी पिंजऱ्यातला आपला साधा हिरवा पोपट सांभाळायला देत असेल तर घेऊ नका. घरोघरी दिसत असला तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो पाळताच येत नाही, आणि तुमच्या घरात सापडला तर तो दुसऱ्याचा आहे सांगून सुटका होत नाही. चांदण्या कासवाचं पण तसंच.

बोलणं झालं की लिहून घ्या

शेजारपाजारी, नात्यात लिहून काय घ्यायचं असं वाटतं, पण वाईटपणा नेमका नात्यातच येतो. स्टँप पेपर वगैरे काही नको, व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुरतो, आणि त्याला समोरून "ओके" आलं पाहिजे. मी साधारण असा पाठवते:

"टॉमी २ जूनपासून आमच्याकडं आहे. ३० नोव्हेंबरपर्यंत तुम्ही नेणार. तारीख पुढं गेली तर १५ दिवस आधी सांगायचं. खाण्याचा, औषधाचा खर्च तुमचा, महिन्याच्या महिन्याला पाठवायचा. एकदम दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि तुमचा फोन लागला नाही तर ५००० रुपयांपर्यंतचा निर्णय मी घेणार. तुम्हाला नेता आलं नाही तर पहिलं आम्हाला विचारायचं, परस्पर तिसऱ्या कुणाला द्यायचं नाही."

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, ती गाळू नका. पुढं जीव अडकल्यावर हीच ओळ उपयोगाला येते.

कायद्याचं पण थोडं माहीत असू दे. आपल्याकडं दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेण्याचे नियम १८७२ च्या करार कायद्यात आहेत आणि पाळीव जनावरं त्यातच येतात. त्यानुसार आपली वस्तू जशी जपतो तशी ती जपायची, ठरल्यावेळी परत द्यायची, आणि तुम्ही पैसे न घेता सांभाळत असाल तर गरजेचा झालेला खर्च मालकानं तुम्हाला भरून द्यायचा. त्याच कायद्याच्या कलम १६३ मध्ये उदाहरण दिलंय की एकानं आपली गाय दुसऱ्याकडं सांभाळायला ठेवली, तिला तिथं वासरू झालं, तर गाईबरोबर वासरू पण मूळ मालकाला द्यायचं. आपल्या खेडेगावात शेळी वाट्यानं पाळायला देतात, त्यात पिल्लात पाळणाऱ्याचा वाटा असतो, त्यामुळं लोकांना वाटतं कुत्री व्याली तर एक पिल्लू आपलं. तसं आधी ठरलं असेल तरच, नाहीतर सगळी पिल्लं मालकाची. कुत्री किंवा मांजरी माजावर येण्याच्या वयाची असेल तर ऑपरेशन झालंय का ते घेतानाच विचारा.

सोडायला येतात त्या दिवशी

शक्य असेल तर त्याच्या आधी एक-दोनदा त्यांच्या घरी जाऊन त्याच्याशी ओळख करून घ्या, मग तुमच्याकडं दोन तास आणून परत नेऊ दे. एकदम सामानासकट आणून टाकलं की ते बिथरतं.

सामानात काय काय मागायचं: त्याची रोजची ताटली, पट्टा, लसीचं कार्ड, आधीच्या डॉक्टरांचा नंबर, पंधरा दिवस पुरेल इतकं तेच खाणं, आणि न धुतलेली त्याची चादर किंवा मालकाचा अंगातला एक टी-शर्ट. ती चादर कितीही वास मारत असली तरी धुऊ नका, त्या वासावरच ते पहिल्या रात्री झोपणार असतं. खाणं बदलायचं असेल तर आठ-दहा दिवसात थोडं थोडं मिसळत बदला. पेडिग्रीवर (म्हणजे कुत्र्याच्या विकतच्या तयार खाण्यावर) वाढलेल्याला पहिल्याच दिवशी भाकरी-दूध दिलं की जुलाब ठरलेले.

आमच्या भागात अजून एक विचारायलाच लागतं, ते कुठल्या भाषेत वाढलंय. हसू नका, खरंच आहे हे. सदाशिवनगरातल्या कन्नड घरातलं कुत्रं "बा इल्ली" म्हटलं की धावत येतं, "बेडा" म्हटलं की थांबतं, "ऊटा" ऐकलं की शेपूट हलवतं, आणि तुम्ही "ये रे बाळा" म्हणत दिवसभर त्याच्या मागं फिरलात तरी ते बघत बसतं, मग लोक म्हणतात हट्टी आहे. मिलिटरीवाल्यांकडची हिंदी-इंग्रजीवर असतात, गोव्याकडनं आलेली कोकणीवर. मालकाकडनं पाच-सहा शब्द लिहून घ्या आणि तेच वापरा. आपले शब्द शिकवायचे असतील तर जुन्याच्या जोडीला शिकवा, जुने पुसू नका, त्याला परत त्याच घरात जायचंय.

भीती कशाकशाची वाटते ते पण विचारा. वडगाव-खासबागेत घराशेजारी माग चालू असतात, आपल्याला त्या खटखटीची इतकी सवय की कानावर पडत पण नाही, पण कॅम्पातल्या शांत बंगल्यातनं आलेलं कुत्रं तो आवाज ऐकून दोन दिवस खाटेखालनं बाहेर येत नाही. त्याची जागा मागाच्या भिंतीपासनं लांबच्या खोलीत करा.

पहिले काही दिवस

प्राणी सांभाळणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशेब सांगतात: ३ दिवस घाबरलेलं, ३ आठवड्यात घराची शिस्त कळते, ३ महिन्यात आपलं घर वाटायला लागतं. अगदी तंतोतंत धरू नका, पण पहिले तीन दिवस पाहुणे बोलवायचे नाहीत, आंघोळ घालायची नाही, उगीच उचलून घ्यायचं नाही, एवढं तरी पाळा. कुत्रं एक-दोन वेळा जेवलं नाही तर घाबरू नका, पाणी पितंय ना ते बघा. मांजराचं वेगळं आहे, त्याला एकच खोली द्या, लपायला खोका, एका कोपऱ्यात लिटर ट्रे (त्याच्या शी-शूचा) आणि त्याच्यापासनं लांब जेवण, बाकी त्याच्या त्याच्या मनानं बाहेर येऊ दे. पण मांजर पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरला फोन करा, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या लिव्हरवर परिणाम होतो.

सगळ्यात मोठा धोका पळून जाण्याचा. पहिले काही आठवडे कुत्र्याला मोकळं सोडूच नका, कितीही शहाणं वाटू दे. ते आपलं जुनं घर शोधत निघतं आणि हायवे ओलांडायला जातं. गेट उघडायच्या आधी पट्टा हातात, गळपट्टा ढिला असेल तर छातीचा पट्टा, आणि गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर. मांजराच्या खोलीच्या खिडक्या बघून घ्या.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं राहत असाल तर रात्री कुत्रं ओसरीवर बांधून ठेवू नका, बिबट्या पहिला कुत्र्यावर येतो हे तिकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आणि शहरातल्यांनी पण फार निर्धास्त राहू नये, २०२२ च्या ऑगस्टमध्ये जाधवनगरात आणि मग गोल्फ कोर्सच्या झाडीत बिबट्या दिसला तेव्हा आजूबाजूच्या शाळा कितीतरी दिवस बंद ठेवल्या होत्या ते आठवत असेलच.

जीव लावताना काय करायचं, काय नाही

साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला कळतं की आता आपलं काही खरं नाही. भाजी निवडताना ते पायाशी येऊन पसरतं, तुम्ही उठलात की उठतं, संडासच्या दाराबाहेर पण बसून राहतं. मांजर साडीच्या निऱ्यात पंजे रुतवून रुतवून घुसळतं आणि घशात घरघर चालू असते, पंजा उघडतो, मिटतो, उघडतो, मिटतो, आणि तुम्ही गॅसवरचं दूध उतू गेलं तरी उठत नाही. हे होऊ द्या. मे महिन्यात आजोळी आलेल्या पोराला आजी काय कमी जीव लावते? पण ते पोर कुणाचं आणि जूनमध्ये कुठल्या शाळेत जाणार हे तिला पहिल्या दिवसापासनं माहीत असतं, तसं ठेवायचं.

म्हणजे प्रत्यक्षात काय, तर नाव बदलायचं नाही. त्याचं नाव ब्रूनो असेल आणि तुम्हाला ते आवडत नसेल तरी ब्रूनोच म्हणायचं, लाडाचं एखादं चालतं पण बोलवायचं नाव तेच. त्याच्या घरी जे चालत नाही ते सुरू करायचं नाही. त्यांच्याकडं कॉटवर घेत नसतील आणि तुम्ही सहा महिने कुशीत झोपवलंत, तर परत गेल्यावर ते रात्रभर कॉटच्या कडेला उभं राहून रडणार, आणि मार खाणार. माया केली तुम्ही आणि भोगलं त्यानं, असं व्हायला नको. एखादी सवय तुम्हाला फारच हवीशी वाटली तर मालकाला विचारून करा, कितीतरी लोक चालेल म्हणतात.

तिसरं, सगळं एकट्यानं करू नका. सकाळचं फिरवणं एकानं, जेवण दुसऱ्यानं, ब्रश तिसऱ्यानं. एकाच माणसाला ते चिकटलं की तो माणूस बाजारात गेला तरी घर डोक्यावर घेतं, आणि परत जाताना त्याचं तुटणं पण जास्त. रोज थोडा वेळ त्याला एकटं राहायची सवय पण ठेवा, मालक नोकरीवाले असतील तर पुढं तेच नशिबात आहे.

घरात लहान पोरं असतील तर त्यांना पहिल्याच दिवशी खरं सांगायचं, हा सोनूदादाचा आहे, दिवाळी झाली की सोनूदादा नेणार. कॅलेंडरवर तारखेला गोल करा. "बघू, कदाचित आपल्याकडंच राहील" असं पोराची समजूत काढायला म्हणून सुद्धा बोलू नका, ते पोर त्या एका वाक्यावर सहा महिने काढतं.

तब्येत, आणि आमच्याकडचे सण

दुसऱ्याचं जनावर म्हणून इथं दुप्पट लक्ष. कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचर १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळं हाताला गरम लागलं म्हणजे ताप असं नाही, थर्मामीटरनंच बघा. आपल्या घरातल्या गोळ्या अजिबात द्यायच्या नाहीत. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनं मांजर मरू शकतं, आयब्युप्रोफेन कुत्र्याला विष. खाण्यात कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे नकोत. अथणीकडच्यांनी तर बेदाण्याचं जास्तच जपायचं, तिकडं घरात पोत्यानं असतात. आणि बाकी सगळ्यांनी पूजेच्या शिऱ्यात बेदाणे असतात हे लक्षात ठेवा, प्रसाद म्हणून प्रेमानं भरवतात आणि त्याची किडनी जाते.

पावसाळ्यात आणि रानाकडं गोचीड भयंकर. रोज कानात, बोटांच्या बेचक्यात, गळपट्ट्याखाली हात फिरवून बघा. कुत्रं मलूल झालं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातनं रक्त आलं तर गोचीडताप असू शकतो, रक्त तपासायला लागतं. पण कुत्र्याचं गोचिडीचं औषध मांजराला लावू नका, त्यातल्या कितीतरी औषधात परमेथ्रिन असतं आणि मांजराला ते बाधतं.

बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय आणि लघवी होत नाही, किंवा मोठ्या कुत्र्याचं पोट एकदम फुगलंय, ओकारी काढतंय पण बाहेर काही येत नाही, या दोन्हीत सकाळपर्यंत थांबायचं नाही, मालकाचा फोन लागो न लागो. जवळ जनावरांचा दवाखाना नसेल तर १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर आहे, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. आणि चावलं, ओरखडलं तर लसीचं कार्ड बघत बसू नका, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि माणसांच्या दवाखान्यात जाऊन दाखवा.

आवाजाचं काय सांगू. वैशाखात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर, मग गणपती, मग दिवाळी. ज्याचं घर मिरवणुकीच्या रस्त्यावर आहे त्यानं त्या रात्रीपुरतं जनावर लांब उपनगरातल्या पाहुण्याकडं न्यावं, हे मी आग्रहानं सांगते. ते जमत नसेल तर आतली खोली, खिडक्या बंद, पंखा फुल, टीव्ही चालू, आणि तुम्ही तिथंच बसून राहायचं. फिरवणं संध्याकाळी लवकर उरकून घ्या, फटाक्यात सुटलेलं कुत्रं सापडत नाही.

मालकाशी बोलत राहा

आठवड्याला दोन-तीन फोटो, एखादा व्हिडिओ. आजारपण लपवू नका. व्हिडिओ कॉलवर काही कुत्री आवाज ऐकून घरभर मालकाला शोधत फिरतात आणि मग दारात बसून राहतात, तसं होत असेल तर मालकाला स्पष्ट सांगून फक्त फोटोच पाठवा.

थोड्या दिवसांनी मालकाचे फोन कमी व्हायला लागतात आणि आपल्याला राग यायला लागतो. याला काहीच पडलेलं नाही, आम्हीच करतोय सगळं, मग हा कसला मालक. हा विचार येतोच, पण त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. कितीतरी लोकांना फोटो बघितला की रडू येतं म्हणून ते फोन टाळतात. खर्च वेळेवर येतोय का, विचारल्यावर उत्तर येतंय का, तारखेबद्दल सरळ बोलतोय का, या गोष्टी बघा. त्या ठीक असतील तर तो मालकच आहे.

परत द्यायच्या आधीचे पंधरा दिवस

एक वही करा. किती वाजता जेवतं, काय खातं, कुठली सवय नवीन लागली, लस कधी झाली, वजन किती, कुठल्या गोळ्या चालू. हे लिहिताना जीव तुटतो, पण लिहा, पुढच्या घरात त्याला याच वहीचा आधार आहे. त्यांच्याकडच्या वेळा वेगळ्या असतील तर रोज थोडं थोडं पुढं-मागं करून तिकडच्या वेळेवर आणा. कॉटवर घेत असाल तर आताच खाली चादर घालून सवय करा.

मालक खूप दिवसांनी येणार असेल तर पहिल्या दिवशी त्यानं फक्त भेटून जावं, दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून त्याला फिरवावं, पट्टा आधी तुमच्या हातात आणि अर्ध्या वाटेवर मालकाच्या हातात. मग तिसऱ्या दिवशी न्यावं. आणि शक्यतो त्यांनी तुमच्या दारातनं उचलून नेण्यापेक्षा तुम्हीच त्यांच्या घरी पोचवा, म्हणजे तुम्हाला ते कुठं राहणार ते डोळ्यांनी बघायला मिळतं, आणि कुत्र्याला घरातनं हाकललं असं होत नाही. सकाळीच जा, म्हणजे रात्र व्हायच्या आत त्याला दिवस मिळतो. न सांगता गपचूप निघून येऊ नका, पण गळ्यात पडून अर्धा तास रडू पण नका, ते घाबरतं. हात फिरवायचा, रोज जे म्हणता ते म्हणायचं, आणि निघायचं. रडू गाडीत बसल्यावर. तुमच्याकडची चादर न धुता त्याच्याबरोबर द्या, येताना आणली होती तशीच.

घरी परत आल्यावर

याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मला हेच जास्त लिहायचंय. माणूस गेलं तर चार लोक येतात, भाजी-भाकरी आणून देतात. स्वतःचं कुत्रं मेलं तरी "वाईट झालं" म्हणणारं कुणीतरी भेटतं. पण दुसऱ्याचं कुत्रं त्याच्या घरी सुखरूप गेलं यात वाईट वाटून घेण्यासारखं काय, असंच सगळे म्हणतात, आणि तुम्हाला तर घास उतरत नसतो. समाज ज्या दुःखाला दुःख म्हणत नाही अशा दुःखावर अमेरिकेतल्या केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये लिहिलं होतं, आणि त्यांचं म्हणणं असं की असं दुःख जास्त रेंगाळतं, कारण ते बोलून दाखवायची सोय नसते. तर बोला. घरातल्या ज्या माणसानं त्याला फिरवलंय त्याच्याशी बोला, त्याला कळतं.

माझ्या सासऱ्यांचं सांगते. एका लॅब्राडोरला ते रोज संध्याकाळी येळ्ळूर रोडच्या शेतापर्यंत नेत होते. तो गेल्यावर सहा वाजले की चप्पल घालून दारात उभे राहायचे, खुंटीवर पट्टा नसायचा तिकडं एकदा बघायचे आणि चप्पल काढून आत येऊन बसायचे. गुडघे परत धरायला लागले. मग मी म्हटलं मामा, कुत्रं नसलं म्हणून काय झालं, मी येते, चला. पहिले चार दिवस आम्ही दोघंही काही बोललो नाही, नुसते चालून आलो. नंतर मात्र ते स्वतःच हाक मारायला लागले. म्हणून सांगते, त्याच्यामुळं लागलेल्या वेळा मोडू नका, त्या वेळेला दुसरं काहीतरी करा पण ती वेळ रिकामी ठेवू नका. ताटली, खेळणं लगेच उचलून माळ्यावर टाकायची घाई नको आणि देवघरासारखं मांडून पण ठेवू नका, आठ-दहा दिवसांनी मन झालं की धुऊन ठेवा.

लगेच दुसरं पिल्लू आणू नका. लगेच भेटायला पण जाऊ नका, दोन-तीन आठवडे त्याला तिकडं रुळू दे, फोटो मागवा. मग पाहुण्यासारखं फोन करून जा, थोडा वेळ बसा. ते तुम्हाला विसरलेलं नसतं, वासावरनं ओळखतं, अंगावर उड्या मारतं, आणि तुम्ही निघाल्यावर परत मालकाच्या पायाशी जाऊन बसलं तर वाईट वाटून घेऊ नका, त्याला तिथं बरं आहे.

परत द्यावंसंच वाटत नसेल तर, किंवा मालकच नेत नसेल तर

द्यावंसं वाटत नसेल तर ते मालकाला सरळ विचारता येतं, फक्त वेळ चुकवू नका. तो गाडी घेऊन दारात आल्यावर विचारणं म्हणजे त्याला कोंडीत पकडणं. महिनाभर आधी, फोनवर, एकदाच विचारा: "तुम्हाला अडचण असेल तर आम्ही कायमचा ठेवायला तयार आहे, तुम्ही नेणार असाल तर आनंदच आहे." नाही म्हटला तर विषय संपला, परत परत काढायचा नाही, पोरांना पुढं करायचं नाही, आणि "इथंच सुखी आहे" असं चार लोकांत बोलत सुटायचं नाही.

पण तिकडं त्याला आखूड साखळीला दिवसभर बांधून ठेवतात, नीट खायला घालत नाहीत असं तुम्ही डोळ्यांनी बघितलं असेल तर गप्प बसू नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात हे दोन्ही गुन्हे आहेत. आधी मालकाशी बोला, बदललं नाही तर फोटो काढून प्राण्यांसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्थेकडं आणि मग पोलिसात जा. जनावर परस्पर लपवून ठेवायचं नाही, त्यानं तुमचीच बाजू पडते.

आणि मालकच फोन उचलत नसेल, तारीख उलटून महिने गेले असतील, तर प्रत्येक मेसेज जपून ठेवा, शेवटी एक तारीख देऊन लिहा की अमुक दिवसापर्यंत उत्तर आलं नाही तर आम्ही त्याची कायमची सोय बघणार. तोपर्यंत तुम्हाला सुद्धा त्याला रस्त्यावर सोडता येत नाही, त्याच कायद्यानं ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याच्यावर पण जबाबदारी असते. तो "तुम्हीच ठेवा" म्हणाला तर तेवढ्यावर खूश होऊन बसू नका, "टॉमीची मालकी आजपासून तुमच्याकडं दिली" असं तारीख घालून लिहून घ्या, मूळ लसीचं कार्ड मागून घ्या, डॉक्टरकडं जाऊन त्यावरचं नाव आणि फोन नंबर बदला, गळपट्ट्यावर जुना नंबर असेल तर तो पण. आणि त्याला सांगा, बेळगावला आलास की भेटून जात जा, दार उघडं आहे.